लाईट असते, तरी कॉम्प्युटर बंद का पडतो?

उन्हाळा लागला की या सदराकडे एक तक्रार हटकून येते: काम चालू असताना कॉम्प्युटर एकदम बंद होतो आणि आपला आपण पुन्हा सुरू होतो. या अंकात खानदेशातून आलेली अशीच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न (भुसावळ): हिशेबाच्या कामाचा कॉम्प्युटर सहा वर्षांचा आहे. मार्चपासून दुपारी काम करताना स्क्रीन अचानक काळी होते आणि मशीन स्वतःच चालू होतं. निळी स्क्रीन येत नाही, कसला मेसेजही नाही. एकाने विंडोज नव्याने टाकून दिलं, फरक शून्य. दुसरा म्हणतो मदरबोर्ड बदला. तिसरा म्हणतो एसएमपीएस (कॅबिनेटमधली वीज पुरवणारी पेटी) गेला. नेमकं कोणाचं ऐकायचं?

उत्तर: सध्या कोणाचंच नको. विंडोज टाकून देणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी झालं. आणि न तपासता मदरबोर्ड बदलणं हा तर सर्वात महागडा अंदाज.

आधी एका वहीत दर वेळची नोंद करा: किती वाजले होते, कोणतं काम चालू होतं, त्याच क्षणी घरातला पंखा किंवा ट्यूब लुकलुकली का, आणि बंद पडल्यावर मशीन नक्की कसं वागलं. यातली शेवटची गोष्ट फार बोलकी असते. मशीन लगेच स्वतः सुरू होत असेल, तर बोर्डाला क्षणभर वीज अपुरी मिळाली किंवा रीसेटचा इशारा गेला. बंद पडून मेल्यासारखं पडून राहत असेल आणि मागची वायर काढून पुन्हा लावल्याशिवाय उठत नसेल, तर एसएमपीएसचं संरक्षण सर्किट पडलेलं असतं. तिथे शॉर्ट किंवा जास्त लोड शोधायचा. बंद पडलं आणि दहा-पंधरा मिनिटं थंड झाल्यावरच नीट चालू झालं, तर संशय उष्णतेवर.

तुमचं मशीन पहिल्या प्रकारातलं आहे. एसएमपीएसच्या मोठ्या २४ पिनच्या कनेक्टरमध्ये एक करडी वायर असते. सगळे व्होल्टेज ठीक असतील तोवर तिच्यावर साधारण ५ व्होल्ट असतात आणि बोर्ड ते पाहून चालत राहतो. एसएमपीएसला आतून धाप लागली की हा इशारा खाली येतो आणि बोर्ड प्रोसेसरला तिथल्या तिथे रीसेट करतो. इशारा परत आला की मशीन सुरू. विंडोजला काही लिहून ठेवायलाही वेळ मिळत नाही, म्हणून मेसेज नाही.

आता विंडोजकडून जेवढं कळतं तेवढं काढून घ्या. ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज उघडा, त्यात स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ची टिक काढा. यानंतर निळी स्क्रीन येऊन थांबू लागली तर दोष बहुधा रॅमचा किंवा ड्रायव्हरचा. एसएमपीएस मागे पडतो. तरीही थेट काळोख होत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्जखाली सिस्टिम उघडा. तिथे कर्नल-पॉवर, क्रमांक ४१ अशी नोंद दिसेल. तिच्या डिटेल्समध्ये बगचेक कोड ० असेल, तर विंडोज कोसळलं नाही, त्याच्या पायाखालची वीज गेली, असं समजायला जागा आहे. ४१ दिसला म्हणजे एसएमपीएस गेलाच, असं मात्र कोणी सांगितलं तर मानू नका. ती नोंद फक्त ‘मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं’ एवढंच सांगते. तुम्ही प्लग खेचलात तरी तीच येते.

पुढच्या तपासण्या फुकटातल्या आहेत, म्हणून त्या आधी. कॅबिनेटचं पुढचं रीसेट बटण धुळीने किंवा उन्हाने नरम पडलेल्या प्लास्टिकमुळे अडकतं. बोर्डावरची ‘रीसेट एसडब्ल्यू’ लिहिलेली दोन पिनची वायर काढून ठेवा आणि दोन दिवस चालवा. मागची पॉवर केबल बदला. एसएमपीएसच्या तोंडाशी ती सैल बसत असेल तर हात लागला तरी मशीन पडतं. मग यूपीएस मधून काढून थेट भिंतीच्या बोर्डावर लावा. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, आपल्याकडच्या गरमीत त्याहूनही लवकर. बॅटरी मेलेला यूपीएस पाव सेकंदाचा झोलसुद्धा सांभाळू शकत नाही, आणि एसएमपीएस फुकट बदनाम होतो.

प्रोसेसरचं तापमान एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅमवर बघा. काम चालू असताना ते ९५ अंशांच्या वर जात असेल तर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) साफ करून पेस्ट नवीन लावा. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून चालवा.

एवढं करूनही दुपारची तऱ्हा तीच राहिली, तर आता एसएमपीएस. याच्या आत जे इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग) असतात त्यांचं आयुष्य तापमानावर असतं. ढोबळ हिशेब असा की दर १० अंश वाढीला आयुष्य निम्मं. भुसावळला मे महिन्यात बाहेर ४५ अंश, बंद खोलीत टेबलाखाली ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये त्यावर आणखी दहा-पंधरा. जुन्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वरच्या बाजूला असतो, म्हणजे प्रोसेसरने तापवलेली हवाच तो ओढतो. सहा वर्षं असं चाललं की कॅपॅसिटर आतून सुकतात आणि लोड वाढला की व्होल्टेज धरून ठेवू शकत नाहीत. याची दुसरी खूण थंडीत दिसते: डिसेंबरच्या सकाळी पहिल्यांदा बटण दाबलं की मशीन उठत नाही, दोन-तीनदा दाबलं की उठतं आणि मग दिवसभर ठीक. मागच्या हिवाळ्यात असं होत होतं का, आठवून बघा. होत असेल तर निदान जवळजवळ झालंच.

आणि पंखा. एसएमपीएसचा पंखा फिरतोय एवढं पुरत नाही, हवा बाहेर पडते का ते बघा; जाळीजवळ कागदाची पट्टी धरली की कळतं. जिनिंग जवळ असेल तर कापसाचा बारीक तंतू पंख्यातून आत जाऊन हीटसिंकवर गोधडीसारखा बसतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. वायर काढून ब्लोअरने हवा मारा, पण त्या वेळी पंख्याचं पातं काडीने अडवून धरा. ब्लोअरच्या जोरावर पंखा भन्नाट फिरला की त्याची बेअरिंग जाते.

खात्रीची कसोटी एकच: ओळखीच्या दुकानातून चांगला एसएमपीएस चार दिवस उसना आणून लावणं. बोर्ड, रॅम, विंडोज काहीही न बदलता दुपार सुखरूप गेली, तर मदरबोर्डाचे पैसे वाचले.

प्रश्न (चोपडा): पेपरक्लिपने हिरवी आणि काळी वायर जोडून एसएमपीएस बाहेर चालवून बघितला. मीटरवर १२.१, ५.०५ आणि ३.३२ व्होल्ट आले. म्हणजे एसएमपीएस ठीक ना? पण मशीन तर गेम लावला की पडतंच.

उत्तर: रिकाम्या बैलगाडीला कोणताही बैल पळवतो. तुम्ही बघितलेले आकडे बिनलोडचे आहेत. पेपरक्लिपने एवढंच कळतं की एसएमपीएस अगदीच मेलेला नाही. (आणि काही जुने एसएमपीएस लोड नसेल तर सुरूच होत नाहीत, तेव्हा एखादी जुनी हार्ड डिस्क लावून ही चाचणी करावी.)

सगळं परत कॅबिनेटमध्ये जोडा. चार पिनचा जुना मोलेक्स कनेक्टर मोकळा असेल, त्यात मीटरची काळी सळई काळ्या वायरवर आणि लाल सळई पिवळ्यावर घाला. सळई घसरून दोन पिनांना एकदम चिकटणार नाही याची काळजी घ्या. मशीन नुसतं चालू असताना आकडा लिहा, मग प्राइम९५ किंवा ओसीसीटी हे मुद्दाम लोड टाकणारे प्रोग्रॅम लावून दहा मिनिटं आकड्याकडे बघत बसा. चालेल ती मर्यादा अशी: पिवळी ११.४० ते १२.६०, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी (ही मोलेक्समध्ये नसते, २४ पिनच्या कनेक्टरमध्ये असते) ३.१४ ते ३.४७ व्होल्ट. म्हणजे नाममात्र आकड्याच्या पाच टक्के खाली-वर. आमचा अनुभवाचा ठोकताळा थोडा कडक आहे: रिकामं असताना १२.१ आणि लोडवर ११.५ दिसत असेल तर आकडा मर्यादेत असूनही तो एसएमपीएस आम्ही ठेवणार नाही. अर्धा व्होल्ट झोल म्हणजे क्षणिक उसळीला तो ११.४ च्या खाली जातोच, फक्त मीटरला ते दिसत नाही.

मीटरला आणखी एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे डीसीवर स्वार झालेली बारीक लहर. १२ व्होल्टवर ही लहर १२० मिलिव्होल्टच्या आत आणि ५ व्होल्टवर ५० च्या आत हवी. कॅपॅसिटर सुकले की ती कितीतरी पट वाढते आणि मीटर तरीही शांतपणे १२.० दाखवत राहतो. ती बघायला ऑसिलोस्कोप लागतो, जो गावातल्या दुकानात नसतो. बायोसमध्ये किंवा स्क्रीनवरच्या प्रोग्रॅममध्ये दिसणारे व्होल्टेजही मोघम असतात. तिथे १२ व्होल्टऐवजी ८ दिसले म्हणून घाबरू नका. ८ व्होल्टवर मशीन सुरूच झालं नसतं.

एक सूचना: कंपनीचं नावच नसलेल्या स्वस्त एसएमपीएसवर ग्राफिक्स कार्डाची फरमार्कसारखी जड चाचणी लावू नका. अशा एसएमपीएसमधली संरक्षणं बऱ्याचदा कागदावरच असतात, आणि जाताना तो बोर्डालाही घेऊन जातो.

प्रश्न (अमळनेर): झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. लेझर प्रिंटरला प्रिंट दिली की पहिल्या पानाच्या वेळी कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. दोन्ही एकाच ६०० व्हीएच्या यूपीएसवर आहेत.

उत्तर: प्रिंटर आजच्या आज यूपीएसवरून काढा. लेझर प्रिंटरमध्ये शाई कागदावर भाजणारा हीटर असतो. झोपलेला प्रिंटर उठताना तो ८०० ते १००० वॉटपर्यंत ओढू शकतो. ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॉटचा. प्रिंटर, झेरॉक्स मशीन आणि लॅमिनेशन भिंतीच्या बोर्डावर, कॉम्प्युटर आणि मॉनिटर यूपीएसवर, ही वाटणी पक्की.

एवढं करूनही पडत असेल तर दोष वायरिंगचा. प्रिंटरच्या शेजारच्या सॉकेटमध्ये मीटर एसी ७५० वर ठेवून लावा आणि कोणाला तरी प्रिंट द्यायला सांगा. २३० वरून २२५ झालं तर ठीक. २०० पर्यंत कोसळत असेल तर कुठेतरी जोड सैल आहे किंवा सगळं दुकान एका बारीक वायरवर चाललंय. प्लगच्या पिना काळ्या पडल्यात का, बोर्डाला हात लावल्यावर कोमट लागतो का, ते बघा. पॉवर सॉकेटला २.५ चौरस मिलिमीटरची वेगळी तांब्याची वायर मीटरपासून ओढून घ्या. हे काम वायरमनचं.

प्रश्न (रावेर तालुका): केळीच्या ग्रुपचा हिशेब मळ्यातल्या घरात ठेवतो. थ्री फेज आली की व्होल्टेज पडतं, स्टॅबिलायझर टक-टक करतो आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट. लाईट गेली की इन्व्हर्टरवर जातानाही तेच. तालुक्यात दुसरा एसएमपीएस घेऊन आलो, तरी तसंच.

उत्तर: तुमचा एसएमपीएस बहुतेक ठीक होता, त्याला मिळणाऱ्या विजेत खंड पडतोय. फीडर चालू झाला की ऑटो स्टार्टरवरचे सगळे पंप एकदमच उठतात, मोटारी सुरुवातीला नेहमीच्या कितीतरी पट करंट घेतात आणि शेवटच्या टोकाच्या घरात व्होल्टेज १७० पर्यंत येतं.

एसएमपीएस पूर्ण लोडवर वीज गेल्यावरही किती वेळ तग धरेल याचा मानक आकडा आहे सुमारे १६ मिलिसेकंद. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. म्हणजे एक आवर्तनही पुरतं चुकवायला तो बांधील नाही. स्टॅबिलायझरचा रिले एका टॅपवरून दुसऱ्यावर जाताना काही मिलिसेकंद मधेच लोंबकळतो. तुम्हाला ऐकू येणारी टक तीच. त्यात साध्या एसएमपीएसमध्ये साठलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० ऐवजी १७० व्होल्ट असतील तर साठा जवळपास निम्मा, आणि तग धरण्याचा वेळ त्याहूनही कमी. म्हणून शहरात निर्धास्त चालणारं मशीन मळ्यात पडतं.

इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला एक छोटा स्विच असतो: एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. तो बहुतेकांच्या घरी नॉर्मलवरच असतो, कारण त्यात कमी व्होल्टेजवरही इन्व्हर्टर लाईनवरच राहतो आणि बॅटरी वाचते. पण त्यात बदलायला लागणारा वेळही जास्त. यूपीएसवर टाका. तोटा एवढाच की व्होल्टेज १८० च्या आसपास आलं की इन्व्हर्टर बॅटरीवर जाईल, आणि तुमच्याकडे तो दिवसातून बरेचदा जाईल. बॅटरी तेवढी सशक्त हवी.

नवा एसएमपीएस घेताना लेबलवरची ‘इनपुट’ची ओळ वाचा. २००–२४० लिहिलं असेल तर तो तुमच्या मळ्यासाठी नाही. १००–२४० आणि सोबत ‘ॲक्टिव्ह पीएफसी’ लिहिलं असेल तो घ्या. असा एसएमपीएस आलेलं व्होल्टेज आतल्या आत उंचावून एका ठरलेल्या पातळीवर धरतो, त्यामुळे १७० व्होल्टवरही त्याचा साठा तेवढाच राहतो. स्टॅबिलायझरची मग गरजच नाही; कॉम्प्युटर त्यावरून काढूनच टाका. मात्र ॲक्टिव्ह पीएफसीला साइन वेव्ह इन्व्हर्टर लागतो. स्क्वेअर वेव्हवर काही एसएमपीएस गुरगुरतात, काही बंदच पडतात.

जुन्या एसएमपीएसच्या मागे लाल सरकता स्विच असेल तर तो २३० वरच राहू द्या. व्होल्टेज कमी येतं म्हणून तो ११५ वर सरकवण्याची कल्पना कोणीतरी सुचवतंच. पंप बंद होऊन व्होल्टेज वर आलं की त्याच क्षणी बार होईल.

प्रश्न (धुळे): जुन्या मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड टाकायचंय, १५० वॉटचं, एका ८ पिनच्या पॉवर कनेक्टरचं. एसएमपीएसवर ४५० वॉट लिहिलंय. पुरेल?

उत्तर: डब्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. बाजूच्या तक्त्यात +१२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि बाराने गुणा. बाजारात ४५० लिहिलेल्या पण १२ व्होल्टवर १४ अँपिअर देणाऱ्या पेट्या सर्रास मिळतात. १४ गुणिले १२ म्हणजे १६८ वॉट. तुमचं कार्ड एकटंच १५० खातं, प्रोसेसर जोरात असताना शंभराच्या आसपास, आणि कार्डाची क्षणिक उसळी वेगळी. १२ व्होल्टवर किमान ४० अँपिअर देणारा, ८०प्लस ब्राँझचा (हा कार्यक्षमतेचा दाखला) ५५० वॉटचा एसएमपीएस घ्या.

हार्ड डिस्कच्या साटा पॉवर केबलवरून ८ पिन करून देणारी जोडवायर दुकानदार फुकट देईल. घेऊ नका. साटा कनेक्टरची १२ व्होल्टची क्षमता ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॉट; ८ पिनमधून १५० वॉटपर्यंत ओढायची मुभा आहे. प्लास्टिक वितळतं. आणि तुमचं मशीन एखाद्या ऑफिसातून निघालेलं ब्रँडेड रिफर्बिश्ड असेल तर घेण्याआधी झाकण उघडा: बोर्डावर २४ पिनऐवजी ६ किंवा ८ पिनचं तोंड असेल, तर बाजारातला साधा एसएमपीएस त्याला बसणारच नाही.

प्रश्न (जळगाव): एसएमपीएस उघडला तर दोन कॅपॅसिटर वरून फुगलेले दिसले. नवीन टाकले तर चालेल?

उत्तर: चालेल, पण हे काम टीव्ही किंवा इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाचं. प्लग काढल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी काही वेळ राहू शकते, आणि ती जीव घेऊ शकते. फुगलेले सहसा आउटपुटच्या बाजूचे असतात. तिथे तितकेच मायक्रोफॅरड, तितकेच किंवा जास्त व्होल्ट, १०५ अंशांचे आणि लो ईएसआर (आतला रोध कमी असलेल्या) प्रकारचेच टाकायला सांगा. साधे टाकले तर पुढच्या उन्हाळ्यात परत तेच. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब, म्हणजे विजेच्या वाटेत एक बल्ब, लावूनच करावा. चार-पाच वर्षांपेक्षा जुना असेल तर आमच्या मते मजुरी घालू नये. दोन फुगलेत म्हणजे बाकीचे रांगेत उभे असतात.

प्रश्न (नंदुरबार): कॅबिनेटला उघड्या पायाने हात लागला की मुंग्या येतात. रिस्टार्टचं कारण हेच का?

उत्तर: रिस्टार्टचं कारण सहसा हे नसतं, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल या दोघांपासून बॉडीला जोडलेले छोटे फिल्टर कॅपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगतं. करंट अगदी थोडा असतो, तरी पेनड्राइव्ह आणि मॉनिटरची केबल लावता-काढताना त्याने पोर्ट जातात. सॉकेटमध्ये मोजा: फेज ते अर्थ आणि फेज ते न्यूट्रल जवळपास सारखं हवं, न्यूट्रल ते अर्थ २-३ व्होल्टच्या आत. एप्रिल-मे मध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो, तेव्हा त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता आणि पुन्हा मोजा. फरक पडला नाही तर खड्डाच नव्याने करावा लागेल. सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल एकत्र बांधून देतो असं कोणी म्हणालं तर करू देऊ नका. न्यूट्रल कुठेही तुटला की सगळ्या कॅबिनेटवर पूर्ण फेज येते.